आडवा धर, आडवा!

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, संक्रांतीच्या वाणात आलेल्या स्टीलच्या वाट्या आणि भाच्याच्या लग्नात मिळालेला काचेचा गणपती यांच्या मधोमध एक ट्रॉफी उभी आहे. उभी म्हणजे चौथरा उभा आहे. त्यावरचा प्लास्टिकचा मोबाईल आडवा चिकटवलेला आहे. खाली पितळी पट्टीवर कोरलंय : 'प्रथम क्रमांक, मोबाईल लघुपट स्पर्धा, २०१९'. पाहुणा चहाचा कप हातात घेऊन ती पट्टी वाचतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा पट्टीकडे बघतो आणि विचारतो, "तुम्ही?"

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मिळालं बक्षीस समारंभानंतरच्या चहाला, आणि ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज पडली नाही. तिला आधीच अंदाज होता.

मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल चलानाशी ताडायचा, बिन कार्डावर चढवायचा, एक बोल्ट कमी भरला तरी गाडी गेटवर अडवायची, यात २२ वर्षं गेली. या कामाने माणसाला एक खोड लागते. हातात आलेला कागद तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मी औषधाच्या खोक्यातली घडी उलगडून वाचतो. लग्नपत्रिका 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत आणि त्याखालचा छापखान्याचा फोन नंबरसुद्धा वाचतो. तर पेपरच्या घडीतून त्या स्पर्धेचं गुलाबी पत्रक घरात पडलं आणि मी ते वाचलं. १२ नियम होते. फिल्म पाच मिनिटांच्या आत हवी. सिनेमातलं गाणं वापरायचं नाही. आणि नियम क्रमांक सात, ठळक ठशात : फोन आडवा धरूनच चित्रीकरण करावे, उभ्या चौकटीतील फिल्म बाद समजली जाईल.

संयोजक मंडळाचं नाव सांगत नाही. एक तर त्यांची यात काही चूक नाही, आणि यंदाच्या समारंभाचं बोलावणं अजून यायचं आहे.

नाशकात सिनेमा काढायला निघालेल्या माणसाची एक पंचाईत असते. तो घराबाहेर पडायच्या आधी दादासाहेब फाळके बाहेर पडलेले असतात. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. १९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवून झाल्यावर बिऱ्हाड आणि सिनेमाचा कारखाना दोन्ही त्यांनी नाशकात आणलं, आणि १९४४ साली देहही इथेच ठेवला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. जुन्या नाशकातल्या कुठल्याही वाड्यात जा, तिथल्यांचे एक पणजोबा फाळक्यांच्या 'लंकादहन'मधल्या वानरसेनेत होते. सगळे पणजोबा खरे धरले तर रामाला सेतू बांधायची गरजच नव्हती. एकमेकांच्या खांद्यावर चढून लंका गाठता आली असती.

आमच्याकडे असे पणजोबा नसल्यामुळे मी अभ्यासाकडे वळलो. फाळक्यांनी म्हणे भांडवल देणाऱ्याला पटवायला कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडी थोडी फिल्म घेतली आणि बी रुजून रोप झालेलं पडद्यावर करून दाखवलं. मी बाल्कनीत मेथी पेरली. हल्ली फोनमध्ये टाइमलॅप्स असतं, ते लावलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर चार्जिंग संपून फोन बंद, आणि मेथी कबुतरांनी उपटलेली. कबुतरांनी उपटतानाचं तरी यायला हवं होतं. तेही नाही.

विषय मिळाला तो पुरामुळे. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गंगेला पूर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, नकाशा काही का म्हणेना), आणि अख्खं गाव पाणी बघायला लोटलेलं. आमच्याकडे पूर फुटांत मोजत नाहीत. रामकुंडाच्या पुढे नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, पुढे तोंड, मागे तोंड, शेंदरी, चांगला उंच. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक चहा पितात, कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार तिजोरीकडे बघतात, आणि छातीच्या वर गेलं की भांडीवाल्यांपासून सगळे माल माडीवर चढवतात. त्या दिवशी पाणी छातीच्या वर गेलं. माझ्या भोवती पाचशे लोक तरी फोन वर करून उभे होते, आणि सगळ्यांचे फोन उभे. एकट्या माझाच आडवा. शेजारच्या पोराने प्रेमाने सुचवलंसुद्धा, "काका, फोन उलटा धरलाय तुम्ही."

त्या क्षणी मला मोठा कलात्मक शोध लागला असं वाटलं. कोरड्या दिवसात मारुती आडव्या चौकटीत मावत नाही. तोंड धरलं तर पाय जातात, पाय धरले तर दोन्ही तोंडं जातात. पण पूर आला की मावतो. नदीच त्याला बेताचा करून देते. या एका शॉटवर मी गोष्ट रचली : घाटावर बसलेले एक आजोबा मारुतीकडे बघत आयुष्यातले पूर आठवतात. पाणी ओसरायची आणि दिवाळी व्हायची वाट पाहिली, आणि एका रविवारी सकाळी सहाला युनिट घाटावर दाखल झालं. युनिट म्हणजे मी, बायको, शेजारचे नाना आणि पलंगावरची पांढरी चादर.

चादरीचा इतिहास थोर आहे. सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड परतून पडे. फिल्मला भोकं पाडणं, रात्री ती धुणं, वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सगळं करून. मी हे बायकोला आदल्या रात्री अगदी भारावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी चादर धरली ती फाळक्यांसाठी. माझ्या वाट्याला स्टोअरकीपर आलाय. धरीन, पण साडेआठपर्यंतच."

नाना नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. हयात नोटांच्या सान्निध्यात गेल्यामुळे मोजणं त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यांना एकच वाक्य होतं : "पाणी कमरेला लागलं, तेव्हा तुझी आजी घर सोडून निघाली नाही." शिवाय शेवटी मारुतीचा आवाजही त्यांचाच, कारण दुसरा कलावंत नव्हता. 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके एकटेच राम आणि सीता दोन्ही झाले होते असं सांगून मी त्यांची समजूत घातली.

पहिल्या टेकला नाना म्हणाले, "पाणी आजीला लागलं." दुसऱ्याला वाक्य बरोबर आलं, पण मी लाल बटण दाबलंच नव्हतं. तिसऱ्याला दाबलं, तर पडद्यावर जागा संपल्याची सूचना. फोनमध्ये १,१०० शुभ सकाळ होत्या. त्या घाटावर बसून पुसल्या. गुलाबाची फुलं, उगवते सूर्य, चहाचे वाफाळते कप. इतके सूर्य पुसेपर्यंत खरा बराच वर आला. चौथ्या टेकला नानांचा गळा असा काही दाटून आला की माझेच डोळे ओले झाले, आणि नेमका "निघाली ना..." वर फोन वाजला. फोन आला की चित्रीकरण थांबतं, हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडे रविवारच्या शिफ्टचा सुपरवायझर होता. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचं खोकं सापडत नव्हतं. मी सांगितलं, रॅक चार, वरून दुसरा खण. सापडलं. नानांचा गळा काही पुन्हा सापडला नाही.

"चौथा," नाना म्हणाले.

आणि मग चादर. बायको बरोब्बर कोन धरून उभी होती. तेवढ्यात परभणीकडच्या यात्रेची बस रिकामी झाली. बायका कुंडात डुबकी मारून कुडकुडत बाहेर आल्या आणि त्यांना समोर काय दिसलं? एक भली बाई पांढरी चादर ताणून उभी आहे. त्यांची अशी ठाम समजूत झाली की ही महापालिकेची सोय आहे. एकेक जण चादरीमागे जाऊ लागली. "ताई, जरा वर धरा बरं." "ताई, माझी पिशवी बघा." मी लांबून "अगं, उजेड नानांवर, नानांवर!" असं ओरडतोय आणि हातात फोन. एका म्हातारीने मागे वळून माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी फोन खिशात घातला आणि नारोशंकराच्या देवळाकडे तोंड करून उभा राहिलो. वीस मिनिटं. २३ बायकांचे कपडे बदलून झाले. जाताना त्यांनी बायकोच्या हातावर दहा-दहा रुपये ठेवले. त्या फिल्मची आजवरची रोख मिळकत तेवढीच.

साडेआठ वाजले होते.

नानांच्या १४ टेकपैकी कुठलाच धड नव्हता. शेवटी मी पुराचा शॉट, त्यावर नानांचा आवाज, मध्ये नानांचे हात आणि शेवटी पुन्हा पुराचा शॉट, असं चार मिनिटं ५२ सेकंदांचं काहीतरी शिवलं. मधे कोरड्या मारुतीचाही एक शॉट होता. नियम सातमुळे त्यात पोटऱ्या ते कंबर एवढाच मारुती आला.

पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. स्वतःच्याच नावाला टाळ्या वाजवतोय हे बायकोने कोपर मारल्यावर लक्षात आलं. परीक्षक माईकवर म्हणाले, "या फिल्मबद्दल मी काय बोलू!" आणि खरोखरच काही बोलले नाहीत. दुसरा आणि तिसरा क्रमांक यंदा देता येत नाही, असंही जाहीर झालं. माझ्या फिल्मपुढे बाकीच्यांचा निभाव लागला नसणार, असा मी त्याचा अर्थ लावला.

मग चहा. संयोजक बशीत चहा ओतत अगदी निर्मळ मनाने म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे अब्रू राहिली. ३८ फिल्मा आल्या. ३१ उभ्या. चार जणांच्या पाच मिनिटांवर गेल्या. दोघांनी सिनेमाची गाणी घातली."

मी स्टोअरचा माणूस. ३१ आणि चार ३५, आणि दोन ३७. शिल्लक एक नग. स्टॉक जुळला.

इथवर झालं ते नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण आपल्याकडे ज्याला बक्षीस मिळतं त्याने दुसऱ्या वर्षीपासून मार्गदर्शन करायचं असतं. मधली दोन वर्षं कोरोनात गेली आणि २०२२ साली मला वाचनालयाच्या हॉलमध्ये चार रविवारचं शिबिर घ्यायला बोलावलं. शाल, नारळ, चिवड्याचा पुडा. समोर १९ जण : आयटीआयची पोरं, एक किराणा दुकानदार, कॉलेजच्या मुली, निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्यांच्या हातात वही. मला सिनेमातलं काय येत होतं? नियम सात. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "सिनेमा म्हणजे दृष्टी. माणसाचे डोळे एकमेकांशेजारी असतात, एकावर एक नसतात. म्हणून आडवा धर, आडवा!"

त्यांनी लिहून घेतलं. वहीत अधोरेखित होताना बघून मला वाटू लागलं की हे मी स्वतः विचार करून काढलंय.

तसं कामाचंही थोडं सांगायचो. चित्रीकरणाआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. लेन्स शर्टाच्या टोकाने पुसा, विशेषतः मिसळ खाऊन आला असाल तर. पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड बांधला जातो, मग ढग आला तरी चेहरा काळा-पांढरा होत नाही. घाटावर चादर न्यायची नाही. हे शहाणपण मी चटके खाऊन कमावलेलं होतं, पण ते कुणी लिहून घेत नसे. लिहून घेत ते "डोळे एकावर एक नसतात".

जागतिक दाखलाही द्यावा म्हणून मी शॉन बेकर या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'टँजरिन'चं नाव घेतलं. २०१५चा, आयफोन ५एसवर काढलेला. पुढे लेन्सचा एक तुकडा लावून चौकट आणखी रुंद केलेली. "बघा, तोही आडवाच!" हे सगळं मी वाचलं होतं. चित्रपट पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी मुख्याध्यापिका बाई पहिल्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेला सिनेमा लावला. नातू होता सोबत." थोडं थांबल्या. "पाच मिनिटं पाहिला." मी घरी जाऊन दार लावून पाहिला. चित्रपट उत्तम आहे. पण त्यातली पात्रं ज्या धंद्यात आहेत आणि ज्या भाषेत बोलतात, ते बघता नातवासोबत पाच मिनिटं म्हणजे बाईंनी सोशिकपणाची कमाल केली. त्या माणसाला पुढे ऑस्कर मिळाली तेव्हा मी त्यांना फोन करणार होतो. नाही केला.

मंडळी मला 'आडवे सर' म्हणू लागली. परवा एका मुलाच्या वडिलांनी तर "आडवे साहेब, तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं. मी बागलाणातला म्हणून सांगितलं. आडनाव दुरुस्त केलं नाही.

२०२४च्या शिबिरात एक मुलगी आली. पंचवटीतली, बी.कॉम.ची. तिने रंगपंचमीला रहाडीचं चित्रण केलं होतं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो : जुन्या नाशकात शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी भर रस्त्यात पेशवाईपासूनचे दगडी हौद, म्हणजे रहाडी, आहेत. वर्षभर ते लाकडी ओंडक्यांखाली, मातीखाली बुजलेले असतात, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला ते उघडतात, पूजा करतात, रंगाने भरतात आणि माणसं काठावरून आत उडी घेतात. त्याला धप्पा म्हणतात. रंग असा की चार दिवस कानामागून जात नाही.

तिचा शॉट मी आजही विसरलेलो नाही. चौकट उभी. अगदी वर वाड्याच्या गच्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या, मध्ये लटकणाऱ्या वायरी, खाली काठावर एक जाडजूड माणूस, आणि तळाशी रंगाचं पाणी. माणूस नाक दाबतो, उडी मारतो. वरून खाली, थेट रंगात. धप्प. पाणी उसळून म्हाताऱ्यांपर्यंत जातं आणि त्यातली एक पदराने तोंड पुसून हसते.

मी म्हणालो, "बाद."

"का, सर?"

"उभं आहे. आडवा धर."

"सर, माणूस वरून खाली पडतो. आडवा नाही पडत."

वर्ग हसला. मी तिला फळ्याजवळ बोलावलं, फोन आडवा धरायला लावला आणि आयटीआयच्या एका पोराला बाकावरून उडी मारायला सांगितली. तिने चित्रण दाखवलं. बाक, भिंत, महात्मा फुल्यांची तसबीर, मग अर्ध्या सेकंदापुरते दोन बूट, मग पुन्हा बाक. मी म्हणालो, "बघ, किती सूचक झालं!"

ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "सर, यंदाचं पत्रक आलं का?"

"पत्रक दरवर्षी तेच असतं," मी म्हणालो. औषधाची घडी वाचणारा, छापखान्याचा नंबर वाचणारा, एका बोल्टसाठी गाडी अडवणारा मी.

पत्रक आलेलं होतं. माझ्या शर्टाच्या खिशातच होतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर बायकोने किराण्याची यादी लिहिली होती : पोहे एक किलो, शेंगदाणे अर्धा, साबुदाणा, धुण्याचा साबण. ती बाजू मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती. साबणसुद्धा विसरलो नव्हतो.

बक्षीस समारंभाला मी मंचावर. शाल घालून झाली. संयोजक माईकवर आले. २०२० साली टिकटॉकवर बंदी आली, लगोलग रील्स आल्या, सगळं जग उभं झालं, तर आपणही काळाबरोबर राहायला हवं, अशी प्रस्तावना झाली. "म्हणूनच यंदाच्या नियम क्रमांक सातप्रमाणे फक्त उभ्या चौकटीतील फिल्मा स्वीकारल्या. दुर्दैवाने सहा फिल्मा आडव्या असल्याने बाद कराव्या लागल्या."

समोर चौथ्या रांगेत ते सहाही जण ओळीने बसले होते. किराणा दुकानदार, आयटीआयची पोरं, सगळे. सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं. नारळाला तीन डोळे असतात, आणि ते एकावर एकही नसतात, शेजारी शेजारीही नसतात, हे मला तेव्हा कळलं.

पहिलं बक्षीस रहाडीला. पडद्यावर तो जाडजूड माणूस दोन पुरुष उंचीवरून पडला तेव्हा हॉलमध्ये मागच्या लोकांनी पाय वर घेतले. ती मुलगी मंचावर आली, ट्रॉफी माझ्याच हस्ते होती. वाकून नमस्कार केला आणि माईकवर म्हणाली, "पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, पत्रक शेवटपर्यंत वाचा. मी वाचलं." टाळ्या. चिमटा होता की कृतज्ञता, हे मी त्या चेहऱ्यावरून अजून ठरवू शकलेलो नाही. किराणावाल्याकडे मात्र त्यानंतर दोन महिने मी गेलो नाही. पोहे लांबून आणले.

ट्रॉफीवरचा मोबाईल त्यांनी त्या वर्षीपासून उभा बसवला आहे.

यंदाचं पत्रक काल आलं. बायकोने हात लावायच्या आत ते ताब्यात घेतलं. नियम ११ आहेत, मागच्या वेळेपेक्षा एक कमी. तीनदा वाचले, एकदा मोठ्याने, एकदा शेवटून सुरुवातीकडे. सातवा नियम वेळेच्या मर्यादेचा आहे. फोन कसा धरायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. रविवारी शिबिर आहे, २४ नावं आली आहेत. सकाळपासून संयोजकांना चार वेळा फोन लावला, उचलत नाहीत. नानांना विचारलं तर म्हणाले, "पाचव्यांदा लाव." बायको विचारतेय, चादर धुवायला टाकू का?